मालकाचें समाधान

एखादी मोलाची वस्तु विकत घेऊन चार-सहा वर्षें वापरलेल्या गृहस्थास ती कशी काय आहे असें विचारलें असतां, ‘उत्तम आहे, आम्ही संतुष्ट आहों,’ असें उत्तर बहुधा मिळतें. हें उत्तर इतकें सहज येतें कीं, त्याचा अर्थ काय हें पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं. परंतु थोडा विचार केला तर त्यांत एक बराच अवघड प्रश्न दडलेला दिसतो. हा गृहस्थ वस्तूविषयीं कांहीं सांगत आहे, कीं स्वतःविषयीं? त्याचें समाधान हा वस्तूच्या गुणांचा पुरावा आहे, कीं होऊन गेलेल्या खर्चावर मनानें घातलेलें पांघरूण आहे? आणि त्याच्या शब्दावर विसंबून दुसऱ्यानें आपला पैसा, किंबहुना आपला जीव, त्या वस्तूच्या स्वाधीन करावा काय? समाधान ही निव्वळ खासगी मनःस्थिति असती तर या ऊहापोहाचें कारण नव्हतें. पण समाधान बोलून दाखविलें कीं त्याची साक्ष होते, आणि साक्षीस खरेंखोटें लागू पडतें.

अशा प्रश्नाचा विचार अधांतरीं करण्यापेक्षां एखादें प्रत्यक्ष उदाहरण पुढें ठेवून केलेला बरा. आम्ही घेत आहों तें उदाहरण आमच्या कांहीं वाचकांस या पृष्ठांत अनपेक्षित वाटेल. लांब पल्ल्याची वेगवान मोटारसायकल, जिला ‘स्पोर्ट टूरर’ असें नांव आहे, ती आम्हीं निवडली आहे. आणि त्यास कारणें दोन. घर किंवा शिवणाचें यंत्र याप्रमाणें या गाडीवांचून कोणाचें अडत नाहीं. तेव्हां तिच्या मालकाचें समाधान गरजेनें लादलेलें नसतें, तें त्याच्या खुषीचें असतें. दुसरें असें कीं, तिच्यांतील दोषाची गांठ सरळ जिवाशीं असते. दोन चाकांवर बसून ताशीं शंभर किलोमीटरांनीं जाणाऱ्या मनुष्यास आपल्या वाहनाविषयीं भ्रमांत राहणें परवडत नाहीं.

ही जात दोन परस्परविरुद्ध मागण्यांतून जन्मास आली. शर्यतीच्या गाडीची चपळाई हवी, आणि त्याच वेळीं दिवसभर बसून पाठ मोडूं नये, मागें बसणाऱ्यास आराम मिळावा, बाजूच्या पेट्यांत आठवड्याचें सामान मावावें, असा हा हट्ट आहे. यामाहा या जपानी कंपनीची ‘एफजेआर १३००’ हा या जातीचा चांगला नमुना होय. २००१ मध्यें ती युरोपांत विक्रीस आली व पुढें अमेरिकेंतही गेली. १२९८ घन सेंटिमीटरांचें चार सिलिंडरांचें एंजिन, २५ लिटरांची टाकी, मागील चाकास फिरविण्यासाठीं साखळीऐवजीं शाफ्ट, आणि इंधनासह सुमारें २९० किलो वजन, असा तिचा थाट आहे. वेळोवेळीं सुधारणा होत दोन दशकांहून अधिक काळ ती निघत राहिली, यावरून तिच्या चाहत्यांची निष्ठा दिसून येते.

या चाहत्यांचें बोलणें ऐकलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत येते. ज्या तोंडानें ते गाडीची स्तुति करतात त्याच तोंडानें तिच्या दुखण्यांची यादीही सांगतात, आणि दोहोंत त्यांना विसंगति वाटत नाहीं. पहिल्या आवृत्तीचें दुखणें उष्णतेचें. उन्हाळ्यांत एंजिनाची धग बसणाऱ्याच्या गुडघ्यांस व मांड्यांस लागे. २००६ च्या आवृत्तींत हवेच्या वाटा बदलून कंपनीनें त्यावर इलाज केला. पण त्या सुधारलेल्या आवृत्तींत निराळेंच दुखणें निघालें. विजेच्या अनेक तारांचीं अर्थिंगचीं टोकें जेथें एकत्र येतात ते लहानसे जोड गंजत. गंजामुळें प्रवाहास अडथळा होई, अडथळ्यामुळें जोड तापे आणि अखेर वितळे. मग कधीं दिवे मंद होत, कधीं कांटे भलतेंच दाखवीत, तर कधीं एंजिनच दगा देई. मालकांनीं यावर काढलेला तोडगा अगदीं साधा आहे: त्या जोडांतून एक स्वतंत्र तार काढून ती थेट सांगाड्यास किंवा बॅटरीच्या ऋण टोकास जोडावयाची. खर्च नाममात्र, काम एका दुपारचें. पण तो जोड कोठें दडला आहे हें ठाऊक पाहिजे.

तिसरें दुखणें अधिक गंभीर आहे. एंजिनाच्या आंत व्हॉल्व्ह उघडझांप करणाऱ्या दांड्यांना फिरविणारी एक साखळी असते, आणि ती ताठ ठेवण्यासाठीं स्प्रिंगचा एक ताणक बसविलेला असतो. हा ताणक थकला म्हणजे सकाळीं थंड एंजिन सुरू करतांच खडखड ऐकूं येते आणि थोड्या वेळानें ती बंद होते. बंद होते म्हणून मनुष्य ती विसरतो. परंतु साखळी सैल पडून दांत्यांवरून सरकली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून सबंध एंजिन निकामी होऊं शकतें. म्हणून जाणते मालक खडखडीची वाट न पाहतां सुधारित ताणक आधींच बसवून घेतात. याशिवाय टायर बदलतांना शाफ्टच्या खांचांना ग्रीस लावणें, आणि सुमारें ४२,००० किलोमीटरांनंतर सोळाही व्हॉल्व्हांची फट मोजणें, हीं नित्यनैमित्तिक कर्में आहेतच. फट चुकली असेल तर वरच्या दांड्या काढून खालची छोटी चकती बदलावी लागते.

एवढें सगळें ज्याच्या मागें लागलें आहे तो मनुष्य आपण संतुष्ट आहों असें म्हणतो, याची उपपत्ति काय? पहिली उपपत्ति आपल्याकडील म्हणच सांगते: आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कार्टें. जिच्यावर पैसा ओतला ती वस्तु वाईट म्हणणें म्हणजे स्वतःस मूर्ख म्हणणें; म्हणून मन तिची बाजू घेतें. मनुष्यस्वभावाचें हें निदान बव्हंशीं खरें आहे, पण प्रस्तुत ठिकाणीं तें पुरें पडत नाहीं. आंधळी माया दोष झांकते. येथें तर कोणी न विचारतां मालक दोष सांगत सुटतो. दुसरी उपपत्ति हिशेबी आहे. गुण अधिक, दोष उणे, बाकी गुणांची उरते, म्हणून समाधान. परंतु या हिशेबानें दुरुस्तींत गेलेले तास व पैसे नांवें बाजूस पडावयास पाहिजेत. आणि हा मालक तर ते जमेच्या बाजूस मांडतो! स्वतःच्या हातानें तो गंजलेला जोड शोधून काढल्याची हकीकत तो ज्या आनंदानें सांगतो, तो आनंद शोरूममधून कोरी गाडी बाहेर काढल्याच्या आनंदाहून कमी नसतो.

आमच्या मतें या कोड्याची किल्ली आपल्याच एका जुन्या शब्दांत आहे. गीतेमुळें घरोघर पोंचलेल्या ‘योगक्षेम’ या शब्दाचे दोन अवयव भाष्यकारांनीं वेगळे करून दाखविले आहेत: न मिळालेलें मिळविणें हा योग, आणि मिळालेल्याचें रक्षण करणें हें क्षेम. व्यवहारांत आपण सारा मान योगास देतों. वस्तु घरीं आली कीं पेढे वाटतों. ती नीट राखणाऱ्यास पेढे वाटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पण योगाचें सुख क्षणाचें असतें, कारण मिळवावयाचें तें मिळालें कीं मिळविण्याची क्रिया संपते. क्षेमास अंत नाहीं. तें रोज करावें लागतें, आणि रोज करावें लागतें म्हणूनच त्याचें सुख शिळें होत नाहीं. पैसे मोजून मनुष्य वस्तूचा मालक होतो तो कागदोपत्रीं. तिचा स्वभाव, तिची झीज, तिचीं वाईट खोड्यांचीं ठिकाणें ओळखून तो तिची निगा राखूं लागतो तेव्हां ती खरोखर त्याची होते. मोटारसायकलीचा मालक ज्याला समाधान म्हणतो तें या क्षेमाचें समाधान होय.

हाच प्रश्न रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकानें १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘झेन अँड दी आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या पुस्तकांत हाताळला आहे. १९६८ मध्यें लहान मुलास मागें बसवून, एका मित्र-दांपत्यासह, त्यानें मोटारसायकलीवर केलेल्या प्रवासावर तें आधारलेलें आहे. मित्राच्या किंमती जर्मन गाडीचें हँडल सैल होऊन सरकत होतें. बिअरच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी कापून मध्यें सारली म्हणजे काम भागेल, असें लेखक सुचवितो. मित्रास तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. पत्रा या कामास अगदीं योग्य होता. मऊ, न गंजणारा, हवा तेवढा पातळ. परंतु मित्रास पट्टीच्या गुणांशीं कर्तव्य नव्हतें, ती कोठून आली याच्याशीं होतें. गाडीचें सुख त्याला हवें होतें, पण तिच्याशीं ओळख नको होती. या मित्रास हंसणें सोपें आहे. परंतु आपल्यांपैकीं बहुतेकजण आपल्या बहुतेक वस्तूंच्या बाबतींत त्याच्याच पंक्तीस बसतात हें विसरूं नये.

येथवर आमच्याशीं सहमत असलेला वाचकही आतां दोन आक्षेप घेईल, आणि ते रास्त आहेत. पहिला असा कीं, हें तत्त्वज्ञान कारखानदाराच्या फार सोयीचें आहे. त्यानें सदोष माल विकावा, मालकानें तो हौसेनें दुरुस्त करावा, वर त्यांत समाधान मानावें, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्यापैकींच झालें! यास आमचें उत्तर असें कीं, झीज आणि दोष यांत भेद केला पाहिजे. टायर झिजणें, फट बदलणें हा काळाचा धर्म आहे, आणि त्याची निगा मालकाकडे. जोड मुळांतच कच्चा असणें हा करणाऱ्याचा अपराध आहे, आणि त्याची भरपाई त्याच्याकडे. मालकानें तो स्वतः दुरुस्त केला तर ती त्याची हुशारी. त्यानें कारखानदार ऋणमुक्त होत नाहीं. कांहीं दोष तर असे असतात कीं, तेथें हौसेनें हात घालणेंच चूक. जून २०१४ मध्यें बीएमडब्ल्यू कंपनीनें ‘आर १२०० आरटी’ या याच जातीच्या गाडीच्या त्या वर्षींच्या कांहीं मालकांस ती चालवूंच नका असें कळविलें; मागील धक्काशोषकाचा दांडा मोडण्याची भीति होती. अशा वेळीं क्षेमाचा अर्थ पाना हातीं घेणें असा होत नाहीं, गाडी जागेवर उभी ठेवणें असा होतो.

दुसरा आक्षेप असा कीं, ज्याला पाना धरतां येत नाहीं त्यानें काय करावें? शिवाय अलीकडील गाड्यांत बिघाड वाचण्यासही संगणकी उपकरण लागतें, आणि तें बहुधा कंपनीच्याच गॅरेजांत असतें. तर मग समाधान हा कारागिरांचाच मक्ता ठरतो काय? तसें नाहीं. क्षेमास हाताच्या कसबापेक्षां लक्ष अधिक लागतें. ज्यानें सकाळची खडखड ऐकली, ती विसरली नाहीं, मेकॅनिकास नेमक्या शब्दांत सांगितली आणि काम झाल्यावर काय बदललें हें विचारून घेतलें, तो आपलें कर्तव्य करून चुकला. उलट उत्तम कारागीरही ‘चालेल अजून’ म्हणून चालढकल करीत असेल तर त्याच्या कसबाचा उपयोग काय?

तरीही एक कसोटी लावल्यावांचून कोणाचेंही समाधान आम्ही प्रमाण मानणार नाहीं. या गाडीच्या मागच्या बैठकीवर पत्नी बसते, मुलगा बसतो, मित्र बसतो. मालकानें गाडीचे दोष ओळखून पत्करले. मागें बसणाऱ्यानें ते पत्करलेले नाहींत, त्यास ते ठाऊकही नाहींत. आपल्या मायेपोटीं स्वतःचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार मनुष्यास कितपत आहे हा वादाचा विषय असेल. दुसऱ्याचा जीव घालण्याचा अधिकार मुळींच नाहीं, यांत वाद नाहीं. तीच गोष्ट गाडी विकतांना. वर्षानुवर्षें ज्यानें खडखडीची व गंजलेल्या जोडाची हकीकत मित्रांस रंगवून सांगितली, त्याची जीभ गिऱ्हाईक समोर येतांच कां अडखळावी? दोषांची जी यादी घरांत कौतुकाची असते ती बाजारांत गुपित होत असेल, तर तें समाधान क्षेमाचें नव्हे, सोयीचें होतें. आणि जो गिऱ्हाईकास म्हणूं शकतो कीं, ‘हा ताणक मीं बदलला आहे, हा जोड असा दुरुस्त केला आहे, व्हॉल्व्हांची फट मात्र मोजावयाची राहिली आहे, म्हणून किंमत इतकी कमी,’ त्याच्या ‘आम्ही संतुष्ट आहों’ या वाक्यास साक्षीचें मोल येतें.

सारांश, मालकाच्या समाधानास वस्तूचा निर्दोषपणा लागत नाहीं. दोष ओळखून त्यांचा भार उचलला म्हणजे तें उत्पन्न होतें, आणि दोष उघड सांगूनही तें टिकत असेल तरच तें खरें. मोटारसायकल हें निमित्त झालें. घर, संस्था, विवाह, राज्य, ज्यांचा योग एका दिवसांत होतो आणि क्षेम जन्मभर चालवावें लागतें, अशा सर्वच ठिकाणीं हा न्याय लावून पाहण्यासारखा आहे. आणि तेथें तो लावतांना आपण मोटारसायकलीच्या मालकाइतके प्रामाणिक राहतों कीं नाहीं, हें ज्याचें त्यानेंच तपासावें.