‘बसा’ म्हणण्याचा अधिकार

वयस्क बाईशी आपण जे काही बोलतो, त्यात एक वाक्य फार वेळा येते : ‘आता तुम्ही बसा.’ जन्मभर जी चुलीपुढे, पाट्यापुढे, पाण्याच्या रांगेत उभी राहिली, तिला अखेर कोणीतरी बसायला सांगते, आणि ऐकणाऱ्याला वाटते, चला, या घरात माणुसकी आहे. तथापि या मायेच्या वाक्यात एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे. दुखते तिचे, मग तिने बसावे की चालावे, हे ठरवायचे कोणी?

वेदनेविषयी आपली एक ठाम समजूत असते. वेदना म्हणजे शरीराने वाजवलेली घंटा. ती वाजली की थांबावे. मोडलेल्या हाडाला हा न्याय बरोबर लागू पडतो. साठी-सत्तरीतल्या बाईच्या झिजलेल्या गुडघ्याला मात्र तो तसाच लावता येत नाही. सांध्यातील हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तिचे पोषण सांध्यातल्या पाण्यावर होते, आणि ते पाणी तिच्यात खेळते राहते सांधा दाबला-सुटला तर. म्हणजे माणूस हालता राहिला तर. शिवाय गुडघ्याचा भार पेलतात ते मांडीचे स्नायू, आणि ते बसून राहिल्याने वाळतात. म्हणून दुखते म्हणून बाई चालत नाही, आणि चालत नाही म्हणून अधिक दुखते, असा हा फेरा आहे. पाळी गेल्यानंतर सांध्यांची ही झीज पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते, त्यामुळे या फेऱ्यात बायकाच जास्त सापडतात.

आजचे वैद्यकशास्त्र अशा गुडघ्याला व्यायाम हा पहिल्या उपचारांपैकी एक मानते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे मार्गदर्शन केले, त्यात पासष्टी ओलांडलेल्यांनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे म्हटले आहे. क्ष-किरणांच्या चित्रात भयंकर दिसणारा गुडघा पुष्कळदा कमी दुखतो, आणि बरा दिसणारा रात्रभर ठणकतो. वेदना चित्रात मावत नाही.

नाशिककरांना हे शास्त्राने सांगावे लागू नये. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला जाऊन पाहावे. वीसेक किलोमीटरांचा तो चिखलाचा फेरा घालणाऱ्यांत पदर खोचलेल्या म्हाताऱ्या पुष्कळ दिसतात. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपुरास निघते. चारशे किलोमीटरांहून अधिक असलेली ती वाट डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्याही अशाच. २०२० च्या ऑक्टोबरात ६८ वर्षांच्या एका आजी हरिहर गडाच्या उभ्या कातळपायऱ्या चढून गेल्या, ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. यांचे गुडघे दुखत नाहीत असे मुळीच नाही. वाटेत एखादीला विचारा. ती हसून सांगेल, ‘दुखतंय की! पण बसलं की जास्तच दुखतं.’ वणीच्या सप्तशृंग गडावर २०१८ पासून ट्रॉली झाली. ज्यांना चढवत नाही त्यांची मोठीच सोय झाली. पण आजही काही बाया सुमारे पाचशे पायऱ्यांचीच वाट धरतात, आणि लेकाने काढलेले ट्रॉलीचे तिकीट पदराला बांधून ठेवतात.

मग सगळ्या म्हाताऱ्यांना चालायला लावावे, एवढ्यावर निबंध संपवता आला असता. पण याच जिल्ह्यात दुसरे दृश्य आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत छाटणीनंतर मण्यांची विरळणी चालते, तेव्हा मांडवाखाली हात वर करून दिवसचे दिवस उभ्या राहणाऱ्यांत पन्नाशी-साठीच्या बायकाही असतात. कांद्याची रोपे लावताना त्याच बायका कमरेत वाकून ओळीमागून ओळ सरकतात. यांच्याही अंगाला हालचाल आहे, आणि ती १५० मिनिटांच्या कितीतरी पट आहे. पण त्यांना कोणी निरोगी म्हणणार नाही. श्रमाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी या विसंगतीची नोंद केली आहे : आपल्या खुशीने केलेल्या हालचालीचा लाभ हृदयाला होतो, तसा पोटासाठी केलेल्या कष्टाचा होताना दिसत नाही. कारण कष्टात विसाव्याची वेळ आपल्या हातात नसते. बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या उपचारासाठी नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन धावल्या आणि जिंकल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला व त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्या धावण्याला आपण टाळ्या वाजवल्या, आणि वाजवायलाच हव्यात. पण साठी उलटलेल्या बाईला औषधपाण्याच्या पैशासाठी धावावे लागते, या गोष्टीला टाळ्या वाजवता येत नाहीत. त्या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही, तो वेदनेची पूजा करू लागतो.

आता पुन्हा घरात या. दिवाळीचे फराळ सुरू झाले, की आजीला आपण म्हणतो, ‘तुम्ही बसा,’ आणि बसल्याबसल्या तिच्यापुढे करंज्यांच्या सारणासाठी नारळ आणि खवणी ठेवतो. नातवंड मांडीवर देतो, लसूण सोलायला देतो. बंदी येते ती कशावर? गोदाघाटावर जाण्यावर, भाजीबाजारात चार ओळखीची माणसे भेटण्यावर, जिना उतरून मैत्रिणीकडे जाण्यावर. आमच्या ओळखीच्या एका वाड्यातील आजींना मुलांनी पडण्याच्या भीतीने जिना बंद केला. मुले वाईट नव्हेत. उलट फार मायाळू. वर्षभरात त्यांना जिना खरोखरच उतरता येईना, आणि मुले म्हणाली, ‘बघा, आम्ही सांगत होतो.’ हे वाक्य ऐकून मला भीती वाटली. आपण तिचे काम काढून घेत नाही. तिचे जाणे काढून घेतो.

आणि जेथे ‘बसा’ म्हणत नाहीत, तेथे दुसरे वाक्य तयार असते : ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम.’ शास्त्राचे अर्धे सत्य असे सोयीने वापरले, की धुणे-भांडी हा उपचार ठरतो. ‘बसा’ आणि ‘उठा’ ही दोन्ही वाक्ये परस्परविरोधी दिसतात, पण त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्हींत तिला विचारलेले नसते.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखावा, असे तिच्या जोडीने नोंदवले. शास्त्रज्ञांना एवढे लिहून ठेवावे लागले, यातच सारे आले. सुनेचे दुखणे सासूला खोटे वाटे; आता सासूचे सुनेला वाटते. आणि ज्याला खरे वाटते, तो मालकासारखा तिच्या दुखण्याचा ताबा घेतो.

कोणी म्हणेल, पडल्या तर? प्रश्न रास्त आहे. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे ही लहान गोष्ट नव्हे. सांधा सुजून लाल-गरम झाला, पडल्यानंतर पाय टेकवेना, रात्री वेदनेने जाग येऊ लागली, तर तेथे हट्ट चालत नाही, डॉक्टरच गाठावा. एरवी मात्र भीतीचे उत्तर बंदी हे नाही. जिन्याला कठडा बसवावा, न घसरणारी चप्पल घ्यावी, हातात काठी द्यावी, पहिले काही दिवस सोबत चालावे. या गोष्टींना खर्च आणि वेळ लागतो. ‘बसा’ म्हणायला काहीच लागत नाही. आपली माया एवढी स्वस्त का, हे ज्याचे त्याने तपासावे.

आणि एखादी खरोखरच म्हणाली, ‘पुष्कळ चालले बाई, आता मला बसू दे,’ तर तिचे बसणे ही तिची कमाई आहे. तेथे तिला १५० मिनिटांचा हिशेब दाखवू नये. फार तर बसल्या जागी पाय ताणायला शिकवावे, आणि तेही तिला आवडले तर. दया करणारा सांगतो. आदर करणारा आधी विचारतो. दुखऱ्या गुडघ्यांनी कोठवर जायचे, कोणत्या पायरीवर टेकायचे आणि केव्हा परत फिरायचे, हे ज्या पायांना चालायचे आहे त्यांनीच ठरवावे. बाकीच्यांनी सोबत जावे, आणि तिच्या चालीने जावे.