मधमाशीचा घास आणि आपला तराजू

वाचकहो, दिव्य कुरआनातील सोळाव्या सूरहचे नावच ‘अन्-नहल’, म्हणजे मधमाशी. तिच्या 68 व 69 या आयतींत अल्लाहने मधमाशीला डोंगरांत, झाडांत आणि माणसांनी उभारलेल्या मांडवांत घर करण्याची, तसेच सर्व प्रकारच्या फळांतून अन्न घेण्याची प्रेरणा दिल्याचा उल्लेख आहे. तिच्या पोटातून निघणाऱ्या पेयात लोकांसाठी आरोग्य असल्याचेही तेथे सांगितले आहे. माणसाने उभारलेली लाकडी मधपेटी हेही असेच एक घर. मग त्या घरात आणलेल्या माशीच्या घासाची जबाबदारी कोणाची? आणि आपण भरवलेल्या घासातून जे निघेल, ते कोणत्या नावाने विकावे?

आरमोरीच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी येथील जंगलात पळस आणि मोह फुलतात. माशीला काम पुरते आणि पेटी भरते. पुढे पाऊस लागतो. वैनगंगेच्या काठचे शिवार धानाने हिरवेगार दिसते, परंतु धानाच्या फुलात मकरंद नसतो. संततधारेत माशीला बाहेर पडता येत नाही. रानातली माशी आपल्या साठ्यावर हे दिवस काढते. पेटीतल्या सातेरीचा साठा मात्र आपण उन्हाळ्यातच काढून घेतलेला असतो.

म्हणून मधपाळ पावसाळ्यात साखरेचा पाक ठेवतात. साखरेने माशीला बळ मिळते, पण पिल्ले वाढत नाहीत. त्यासाठी परागातील प्रथिने लागतात. परिचारिका माश्या पराग खातात आणि त्यातूनच पिल्लांचे अन्न तयार करतात. पराग मिळेनासा झाला की काही जण सोयाबीनचे पीठ आणि यीस्ट यांचा गोळा देतात. अशा पूरक आहाराने वसाहत तगते; फुलांची बरोबरी मात्र त्याला साधत नाही.

हे भरवणे शरीअतच्या दृष्टीने गैर आहे काय? मुळीच नाही. पाळलेल्या प्राण्याचा आहार मालकावर बंधनकारक असल्याचे धर्मशास्त्रज्ञ सांगतात. मांजरीला कोंडून ठेवणारी, तिला खाऊ न घालणारी आणि भक्ष्य शोधायला मोकळीही न सोडणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरल्याची हदीस आपण ऐकली आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीसनुसार ज्या चार जीवांना मारण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, त्यांत मधमाशी आहे. तिचा साठा नेऊन तिला उपाशी ठेवणे या मनाईच्या किती जवळ जाते, याचा आपणच विचार करावा. पावसाळ्यातील पाक हा माशीवर उपकार नसून तिच्या हक्काची अपुरी भरपाई आहे. त्याहून उत्तम मार्ग असा की, मध काढतानाच तिचा वाटा पेटीत राखावा. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने आग्या माशीचा मध तिला न मारता काढण्याची पद्धत अंगीकारली. माशीचा हक्क मानूनही मध मिळतो, याचा हा जवळचा दाखला आहे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. हाच पाक फुलांच्या हंगामात, वरच्या कप्प्यात मध भरत असताना दिला तर? माशी तो आपल्या पाचक रसाने पालटते, आटवते आणि मेणाने बंद करते. रंग तोच, चिकटपणा तोच. विकणारा म्हणतो, “मी काही मिसळले नाही, माशीनेच बनवले.” पण फुलांच्या वा वनस्पतींच्या रसापासून बनतो तो मध, अन्न-मानकेही हेच सांगतात. ग्राहक मोहाच्या आणि पळसाच्या फुलांचे दाम मोजतो आणि घरी नेतो दुकानातली साखर.

पूर्वी जीभ आणि डोळा फसत होते, आता प्रयोगशाळाही फसते. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने, ठरलेल्या चाचण्यांतून निसटतील असेच पाक बनवून मधात मिसळले जात असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. चाचणीतून सुटलेली प्रत्येक वस्तू अल्लाहच्या हिशेबातून सुटेल काय? प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. धान्य भिजणे हा दोष नव्हता. ते झाकणे हा दोष होता.

पाकाचेही तसेच आहे. भुकेच्या दिवसांत दिला तर तो माशीचा हक्क. विकायच्या मधाचे वजन वाढवण्यासाठी दिला तर ती लबाडी. साखर एकच, फरक हेतूचा आणि वेळेचा. म्हणून ज्यांच्या घरी पेट्या आहेत त्यांनी फुलोरा सुरू होण्याआधी पाक थांबवावा, पाकाचा उरलेला साठा विक्रीच्या मधात येऊ देऊ नये आणि ग्राहकाने विचारण्याआधीच खरे सांगावे. आपण ग्राहक असू, तर स्वस्ताचा हट्ट धरून प्रामाणिक मधपाळाला लबाडीकडे ढकलू नये.

मुस्नद अहमदमधील एका हदीसमध्ये श्रद्धावंताला मधमाशीची उपमा दिली आहे: ती शुद्ध खाते, शुद्ध देते आणि ज्या डहाळीवर बसते ती मोडत नाही. माशी तर आपले काम चोख करते. तिच्या आणि ग्राहकाच्या मध्ये आपण उभे आहोत; दोघांचीही अमानत आपल्या हाती आहे. ती सांभाळण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.