दान की दासोह?

सद्भक्तहो, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार जीव गेले. आपल्या हुमनाबादहून सोलापूरकडे जाताना लागणारा उमरगा तालुकाही त्यात होरपळला.

अशा वेळी भाकरी पोचविणारा दाता संध्याकाळी घरी परतू शकतो. शिकविणाऱ्याचे तसे नाही. आज गिरवलेले अक्षर उद्या वाचून घ्यावयास तोच माणूस लागतो. आईबाप गमावलेल्या लेकराला लळा लावून पंधरा दिवसांनी निघून जाणे म्हणजे त्याला पुन्हा पोरके करणे नव्हे काय?

दानात देणारा उरतो, दासोहात केवळ सेवा उरते. हा भेद इथे कसास लागतो. नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणांनी अनाथ मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे केले. भारतीय जैन संघटनेने बाराशेच्या आसपास मुले पुण्यास नेऊन शिकविली. मुलांना दूर न्यावे की त्यांच्या मातीजवळ ठेवावे, हा वाद जुना आहे. आम्हास नळदुर्गची वाट अधिक जवळची वाटते. परंतु दोन्हीकडे जबाबदारी दिवसांची नव्हे, वर्षांची मानली गेली.

तुम्हीही कधी अशा मुलांना शिकवावयास निघालात, तर किती दिवस राहणार हे आधी ठरवा व मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. आणि ‘त्या रात्री काय झाले?’ असे विचारू नका. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगून मूल थकलेले असते.