आदिम कोण?

धुळ्याहून साक्रीकडे जाताना काळ्या कातळाच्या भिंतींसारख्या रांगा दिसतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांत शिरून तिथंच थिजलेला तो लाव्हा. तेव्हा भारत समुद्रातून एकटाच उत्तरेकडे सरकत होता. पोटाला पिशवी असलेले प्राणी दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियात पोचले. ती वाट आपल्या जमिनीला लागलीच नाही, म्हणून सातपुड्यात कांगारू नाही.

तरी जळगावच्या वर्गातलं पोरगंही सांगतं, की कांगारू, प्लॅटिपस हे 'आदिम' सस्तन आणि आपण प्रगत. मला हा शब्द खटकतो.

तांबड्या कांगारूचं पिल्लू 33 दिवसांत जन्मतं, एका ग्रॅमहून हलकं. अर्धवट वाटतं ना? पण ती आई एकाच वेळी बाहेरच्या मोठ्या पिल्लाला आणि पिशवीतल्या धाकट्याला दोन सडांतून दोन प्रकारचं दूध पाजते, आणि तिसरा गर्भ पोटात थांबवून ठेवते. पाऊस हुकला, पिशवीतलं पिल्लू दगावलं, की थांबलेला गर्भ वाढू लागतो. खानदेशात दुष्काळ पाहिलेल्या माणसाला ही सोय अडाणी वाटायची नाही. प्लॅटिपस अंडी घालतो हे खरं, पण पाण्यात डोळे मिटून भक्ष्याच्या स्नायूंतली वीज चोचीनं ओळखतो. त्याचे आणि आपले पूर्वज सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तेव्हापासून दोघंही सारखीच वर्षं चाललेत. मग मागे राहिलं कोण?

हा शब्द जनावरांपुरता थांबत नाही. आपल्या सरकारदरबारी काही जमातींना 2006 पर्यंत अधिकृतपणे 'आदिम' म्हणत. कातकरी, कोलाम त्यातलेच.

प्लॅटिपस अंडी घालतो, दोन घालतो, आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे, असं ऑस्ट्रेलियातल्या कुकूगाँग नावाच्या आदिवासी म्होरक्यानं सांगितलं होतं. ते 1822 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापूनही आलं. युरोपातले विद्वान तरी पुढं कित्येक वर्षं वाद घालत बसले. पुरावा मागितला यात गैर काही नाही. अंडं कोंबडीच्या अंड्याएवढं असतं, हे त्याचं म्हणणं चुकीचंच होतं. पण सांगणारा कोण, यावरून ऐकायचं की नाही हे ठरत होतं.

1884 मध्ये विल्यम कॉल्डवेलनं एक मादी गोळी घालून मारली. तिनं एक अंडं नुकतंच घातलं होतं, दुसरं पोटात होतं. लगेच तार गेली आणि शोध त्याच्या नावावर लागला. त्याच्यासाठी नदीकाठी प्राणी हुडकणारे बहुतेक जण आदिवासीच होते.