दामाजीची कोठारे आणि बहात्तरचा हजेरीपट

संकटाची आठवण आपोआप टिकते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात समाज त्यातले काही निवडून जपतो, आणि तो स्वतःला काय समजतो हे त्या निवडीवरून कळते. महाराष्ट्राला दुष्काळ नवे नाहीत. दुर्गादेवीच्या दुष्काळाचे नाव शतकानुशतके लोकांच्या तोंडी राहिले. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळाने तुकोबांचा संसार उद्ध्वस्त केला. पण दुष्काळ म्हटले की कीर्तनातून सर्वाधिक रंगली ती मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा. त्यांनी बादशहाची कोठारे उपाशी रयतेला खुली केली आणि दामाजींसाठी विठ्ठल महाराच्या रूपात त्या धान्याची रक्कम भरायला गेला. कथा उदात्त आहे, पण तिच्यातल्या रयतेला स्वतःचा आवाज नाही. ती तगते ती एका भल्या अधिकाऱ्यामुळे आणि देवाच्या कृपेमुळे.

बहात्तरच्या दुष्काळाची आठवण वेगळ्या घडणीची आहे. तिच्यात रेशनचा लाल मिलो आहे, सुकडी आहे, खडी फोडणाऱ्या बायका आणि पाझर तलावाची माती वाहणाऱ्या रांगा आहेत. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. सरकारी हजेरीपटावर एवढी माणसे एकाच वेळी आल्यामुळे प्रत्येकाला आपली अडचण सर्वांची असल्याचे दिसले. मजुरी आणि धान्य वेळेवर मिळावे म्हणून मजुरांनी मोर्चे काढले, संप केले. पुढे १९७७मध्ये रोजगार हमी कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. मागेल त्याला काम द्यायचे आणि देता आले नाही तर भत्ता द्यायचा, हे शासनाचे कर्तव्य ठरले. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांनीही व्यवसायकर भरला. २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागेही हाच अनुभव होता. दामाजीची वाट पाहणारी रयत इथे मागणी करणारी नागरिक झाली.

यावर कोणी म्हणेल, हे श्रेय आठवणीचे कसे? रोजगार हमी योजनेचा विचार वि. स. पागे यांनी साठच्या दशकातच मांडला होता, आणि गावात रस्ते-तलाव झाल्याने बागायतदारांचाही फायदा होणार होता. हे खरे आहे. पण चांगल्या योजना कागदावर पडून राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ही टिकली, कारण काम मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, हे लाखो कुटुंबांनी अनुभवले होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘आपण सगळ्यांनी सोसले’ या वाक्यात दलितांना बंद असलेल्या विहिरी आणि भूमिहीनांच्या रिकाम्या कणग्या झाकल्या जातात. म्हणूनच आठवण तपशिलाने सांगायला हवी. हजेरीपटावर कोण होते आणि मुकादम कोण होता, हे वगळून सांगितलेला इतिहास बलवानांच्याच सोयीचा ठरतो.

तिसरी अडचण आठवणीतच आहे. आजही प्रत्येक दुष्काळ बहात्तरच्या मापाने मोजला जातो. तेव्हा पाणी होते, धान्य नव्हते, असे जुनी माणसे सांगतात. २०१६मध्ये रेशनवर धान्य होते, पण लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. तरीही कोरड्या मराठवाड्यात उसाचे क्षेत्र आणि बोअरची खोली वाढत राहिली. सोसण्याचा अभिमान बाळगणारा समाज संकटाचे बदललेले कारण ओळखत नाही, तेव्हा त्याची आठवण निरुपयोगी होते. ते ओळखणे अशक्य मात्र नाही. बहात्तरच्याच अनुभवातून विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरता घरातल्या माणसांवर ठरला, भूमिहीनालाही मिळाला, आणि ऊस वर्ज्य झाला. बहात्तरने कामाचा हक्क दिला. पाण्याच्या हक्काचा तेवढाच ठाम कायदा मागणे हे त्या आठवणीचे राहिलेले काम आहे. ते अंगावर घेतले तरच आपण ‘दुष्काळ पाहिलेली माणसे’ म्हणवून घ्यावे.