हाडांना भार हवा

प्रयोगशाळेत टांगलेला सांगाडा पाहून आपली समजूत होते, की हाड म्हणजे कोरडा, पांढरा, निर्जीव खांब. जिवंत शरीरातलं हाड ओलसर असतं, त्यातून रक्त वाहतं. काही पेशी जुनं हाड पोखरत असतात, दुसऱ्या तिथे नवं भरत असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो.

नवं हाड कुठे आणि किती भरायचं, हे मुख्यतः त्यावर पडणारा भार ठरवतो. बर्लिनचे शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम ग्रंथरूपाने मांडला. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचं दंडाचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट, महिनोन्‌महिने अंतराळात राहिलेल्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटलेली आढळली आहे. उकिडवं बसणाऱ्या समाजांतल्या जुन्या सांगाड्यांत नडगीच्या खालच्या टोकाला त्या बैठकीची छोटी सपाट खूण सापडते. माणूस कसा जगला, हे हाड असं जपून ठेवतं!

सांध्यांचंही तसंच. त्यांतल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. सांधा हलतो, दाबला जातो, मोकळा होतो, तेव्हा भोवतीचा द्रव आतबाहेर होऊन तिचं पोषण होतं. म्हणून दुखत्या गुडघ्याला कायमचं बसवून ठेवणं ही माया असली, तरी उपचार नव्हे.

पण कष्ट जितके जास्त तितकं हाड बळकट, असा अर्थ कुणी काढू नये. अर्धपोटी राहून डोईवर हंडे वाहणाऱ्या बाईच्या हाडांना आणखी भार नको. तिला घरात नळ हवा, विसावा हवा आणि ताटात दूध, डाळ, नाचणी हवी.

हाडांची बहुतेक पुंजी विशीपर्यंत जमते, तिशीच्या आसपास शिगेला पोचते. पाळी थांबल्यावर बायकांची ती झपाट्याने उतरू लागते. आणि आपल्याकडे कित्येक घरांत मुलीचं खेळणं थांबतं ते नेमकं पाळी सुरू झाल्यावर, म्हणजे पुंजी सर्वांत वेगाने जमण्याच्या वर्षांत. मला हा अन्याय वाटतो, आणि तो घरातल्या घरात थांबवता येतो. तुमच्या घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी असेल, तर तिला संध्याकाळी मैदानावर पाठवा. खो-खो, लंगडी, दोरीच्या उड्या, काहीही चालेल. तिला पळू द्या, उड्या मारू द्या.