खोटं कुणाला भोवतं?

टोर्टोला बेटावरच्या रोड टाउनला शिडाची बोट आठवडाभर भाड्याने मिळते, तीही कप्तानाशिवाय! मात्र आधी आपला बोट हाकण्याचा अनुभव लिहून द्यावा लागतो. अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, दोन सफरींच्या वीस केल्या तर कुणाला कळतंय?"

बँकेत असले अर्ज पाहण्यात माझी वीस वर्षं गेली. म्हटलं, "कर्जाच्या अर्जातल्या थापेने बँक बुडते. इथे बोटीत तुझी बायकापोरं आहेत." खोटं कुणाला कळणार, यापेक्षा कुणाला भोवणार, हे महत्त्वाचं. रात्री नांगर घसरू लागला की समुद्र अर्ज वाचत बसत नाही.

भाच्याने खरं लिहिलं. रोजच्या जादा पैशांत कप्तान गळ्यात पडला.

"मामा, खरेपणा महाग पडला!"

"विम्याचा हप्ता समज," मी म्हणालो.